बायोडिझेल गाडीत टाकावं का? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडापवाले, ट्रान्सपोर्टवाले, हॉटेलचालक, शेतकरी आणि कॉलेजची मुलं यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. "बायोडिझेल पर्यावरणाला चांगलं की वाईट?" हा त्यातला सगळ्यात जास्त वेळा येणारा. त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ते बायोडिझेल कोणत्या तेलापासून केलंय यावर बहुतेक सगळं ठरतं. म्हणून कुणी बायोडिझेलचं नाव काढलं की पहिला प्रश्न विचारा, "कशापासून केलंय?"

१. बायोडिझेल म्हणजे नेमकं काय? साध्या डिझेलपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

साधं डिझेल खनिज तेलातून निघतं. बायोडिझेल वनस्पती तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून करतात. तेल गरम करून त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा तसाच दुसरा उत्प्रेरक घालतात. तेलाचे जड रेणू तुटतात, वर पातळ बायोडिझेल येतं आणि तळाला ग्लिसरीन बसतं. १०० किलो तेलाला साधारण १० ते ११ किलो मिथेनॉल लागतं. त्यातून जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळतं.

बी-५, बी-२०, बी-१०० हे आकडे मिश्रणाचे. बी-२० म्हणजे २० टक्के बायोडिझेल आणि ८० टक्के साधं डिझेल. शुद्ध बायोडिझेलसाठी भारतात आयएस १५६०७ हे मानक आहे. पंपावरच्या नेहमीच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मानकात बसतं. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानं २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलंय, प्रत्यक्षात मात्र देशाची सरासरी एक टक्क्याच्याही खाली राहिली आहे.

२. कोल्हापूर उसाचा जिल्हा. मग आपल्या उसापासूनच बायोडिझेल होत असेल ना?

नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून किंवा उसाच्या रसापासून होतं ते इथेनॉल, आणि ते पेट्रोलमध्ये जातं. बायोडिझेलला तेल लागतं, साखर नव्हे. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही, थोडं पाणी लागलं की वेगळं होतं, आणि डिझेल इंजिनात ते सहज पेटही घेत नाही. त्यामुळं उसाला लागणारं पाणी, इथेनॉलमुळं साखरेच्या भावावर होणारा परिणाम हे सगळे वाद महत्त्वाचे असले तरी ते बायोडिझेलचे वाद नव्हेत.

३. बायोडिझेल जाळलं तरी सायलेन्सरमधून धूर निघतोच. मग पर्यावरणाला फायदा कसला?

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बायोडिझेलचंही सायलेन्सरपाशी मोजलं तर जवळपास तेवढंच भरतं. फरक आहे तो कार्बन कुठून आला याचा. खनिज तेलातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता, आपण तो नव्यानं हवेत सोडतो. झाडाच्या तेलातला कार्बन त्या झाडानं गेल्या एक-दोन हंगामांत हवेतूनच घेतलेला असतो. तो परत हवेत गेला तर हवेतली बेरीज वाढत नाही.

हा हिशोब मात्र पूर्ण स्वच्छ नाही. बायोडिझेलच्या रेणूत साधारण १९ कार्बन असतात, त्यातला एक मिथेनॉलमधून येतो, आणि मिथेनॉल बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून करतात. पीक काढायला ट्रॅक्टरचं डिझेल लागतं. युरिया लागतो, आणि युरिया टाकलेल्या शेतातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट हवा तापवतो. कारखान्याची वीज आणि वाफ वेगळीच. हे सगळं वजा करून जे उरतं तेवढाच खरा फायदा.

४. मग हिशोब करून कार्बन किती वाचतो, आकड्यात सांगा.

युरोपीय संघानं आपल्या कायद्यात प्रत्येक कच्च्या मालासाठी एक ठरावीक बचत धरली आहे. खनिज डिझेलच्या तुलनेत वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेल्या बायोडिझेलची बचत ८४ टक्के धरतात, सोयाबीनची ५०, मोहरीच्या जातीच्या रेपसीडची ४७, आणि गिरणीच्या सांडपाण्यातला मिथेन पकडला नसेल तर पाम तेलाची फक्त १९ टक्के. नाव एकच, आणि आकडा १९ पासून ८४ पर्यंत.

शिवाय हे आकडे शेतजमीन आधीपासूनच होती असं धरून काढलेले आहेत. जंगल तोडून ती केली असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

५. पाम तेलाच्या बायोडिझेलला एवढी नावं का ठेवतात? तेही झाडाचंच तेल आहे की.

इंडोनेशिया आणि मलेशियात पामच्या बागांसाठी वर्षावनं तोडली गेली आणि दलदलीच्या पीट जमिनी चर मारून कोरड्या केल्या गेल्या. पीट म्हणजे हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. पाणी काढलं की तो कुजत जातो, कधी पेट घेतो, आणि वर्षानुवर्षं कार्बन सोडत राहतो. युरोपीय आयोगासाठी २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात पाम बायोडिझेलच्या दर मेगाज्यूल ऊर्जेमागं नुसत्या जमीनबदलाचा बोजा २३१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड एवढा निघाला. खनिज डिझेलचा विहिरीपासून सायलेन्सरपर्यंतचा सगळा बोजा धरतात ९४ ग्रॅम. म्हणजे असं बायोडिझेल वापरण्यापेक्षा साधं डिझेल परवडलं. याच कारणानं युरोपनं पामचं इंधन २०३० पर्यंत बंद करायचं ठरवलं.

आपल्याला हे दूरचं वाटू नये. भारत जगातला सगळ्यात मोठा पाम तेल आयातदार आहे आणि आपल्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग परदेशातून येतो. इथलेही काही बायोडिझेल कारखाने पाम तेल शुद्ध करताना निघणारं पाम स्टिअरिन वापरतात. दुसरी अडचण अशी की पाम न वापरता दुसरं कुठलंही ताजं खाद्यतेल इंधनाला वळवलं, तरी स्वयंपाकघरातली त्याची जागा भरायला बाहेरून पामच येतं. जंगल तिकडं तुटतं, पण कारण इकडं घडलेलं असतं.

६. आमच्याकडं सोयाबीन, भुईमूग पिकतोय. त्याच्या तेलाचं इंधन केलं तर शेतकऱ्यालाही भाव मिळेल की?

भावाचं गणित बाजूला ठेवून आधी जमिनीचं गणित करू. सोयाबीनचा उतारा एकरी ८ क्विंटल धरला, तेलाचं प्रमाण १८ टक्के धरलं, तर एकराला १४४ किलो, म्हणजे साधारण १५५ लिटर तेल. भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर देत असेल तर त्यावर तो ६२० किलोमीटर जाईल. कोल्हापूर ते मुंबई सुमारे ३८० किलोमीटर. एक एकर सोयाबीनवर ट्रक मुंबईला पोचेल आणि परत येताना साताऱ्याच्या आसपास त्याची टाकी रिकामी होईल. एका फेरीलाही ते तेल पुरलं नाही, आणि शेत मात्र चार महिने गुंतलं.

ज्या देशाला खायलाच तेल कमी पडतंय तिथं ताजं खाद्यतेल इंजिनात जाळणं मला पटत नाही. भुईमुगाचं तर नावच काढू नये. केंद्राच्या धोरणाचाही भर अखाद्य तेलबिया, वापरलेलं तेल आणि चरबी यांवरच आहे.

७. मोगली एरंडाचा एवढा गाजावाजा झाला होता. त्याचं पुढं काय झालं?

गावाकडं कुंपणाला लावतात तोच हा मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा. "पडीक जमिनीवर, पाण्याविना, खताविना भरघोस तेल" असं सांगून २००३ नंतर देशभर त्याच्या लागवडी झाल्या. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. ते कुठंच पोचलं नाही. झाड हलक्या जमिनीत जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. चांगलं उत्पादन हवं तर त्यालाही चांगली जमीन, पाणी आणि खत लागतंच, आणि ते देणार असाल तर शेतकरी दुसरं पीक का घेणार नाही? त्यातून फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळं तोडणीची मजुरीच अंगावर येते. बी आणि पेंड दोन्ही विषारी असतात. मुलांनी शेंगदाण्यासारखं बी समजून खाल्लं आणि दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या आजही येतात. कुंपणाला हे झाड असेल तर घरातल्या लहानांना जरूर सांगून ठेवा.

करंजाबद्दल मात्र मला आशा वाटते. तो इथलाच आहे, ओढ्याकाठी आणि रस्त्याच्या कडेला आपोआप वाढतो, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणतो, आणि त्याच्या बियांत साधारण ३० टक्के तेल असतं. पेंड खत म्हणून शेतकरी आधीपासूनच वापरतात. झाड फळावर यायला चार ते सात वर्षं लागतात, म्हणून झटपट योजनांना तो सोयीचा नाही. बांधावर, रस्त्याकडेला असलेल्या करंजांचं बी गोळा झालं तर त्यात कुणाचं नुकसान नाही.

पण करंजाच्या किंवा कशाच्याही नावानं गायरान आणि सडे नांगरायला काढू नयेत. सरकारी कागदावर पडीक असलेली जमीन बऱ्याचदा गावाच्या जनावरांची चरई असते. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार पावसाळ्यात एकदा चालून बघा. कातळावरच्या वीतभर मातीत जे फुलतं ते दुसरीकडं लावता येत नाही. अशा ठिकाणी झाडं लावून इंधन काढणं म्हणजे निसर्गाच्या नावाखाली निसर्गाचंच नुकसान.

८. माझं हॉटेल आहे. कढईतलं वापरलेलं तेल बायोडिझेलला द्यायचं म्हणतोय. कसं द्यायचं, आणि ते खरंच बायोडिझेललाच जातंय हे कसं ओळखायचं?

कोल्हापुरासाठी या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. वडा, भजी, फरसाण, चिवडा, मासे. या शहरात दिवसभर कढया तापलेल्या असतात. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात आरोग्याला घातक संयुगं साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, ती "टोटल पोलर कंपाउंड" या नावानं मोजतं. १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. तळणीला रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांनी तेल किती आलं, किती वापरलं, उरलेलं कुणाला दिलं याची नोंद ठेवायची असते आणि ते अधिकृत संकलकालाच द्यायचं असतं. वापरलेलं तेल बायोडिझेलकडं वळवण्याच्या या उपक्रमाचं नाव रुको.

प्रत्यक्षात करायचं ते असं. तेल थंड झाल्यावर गाळून घ्या. पाणी लागू न देता झाकणाच्या डब्यात साठवा. संकलकाकडं एफएसएसएआयच्या नोंदणीचा पुरावा मागा आणि प्रत्येक वेळी तारीख, वजन आणि त्याचं नाव असलेली पावती घ्या. पावती द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर दोन रुपये जास्त मिळाले तरी त्याला तेल देऊ नका. तसं तेल रंग काढून सुट्या तेलात मिसळलं जाण्याची किंवा लहान गाड्यांवर पुन्हा कढईत पडण्याची भीती असते. तुमच्या हॉटेलचं तेल दुसऱ्या कुणाच्या पोटात जाऊ नये, हा बायोडिझेलमधला पर्यावरणाइतकाच मोठा फायदा आहे.

गटारीत तर अजिबात ओतू नका. तेल थिजून पाइप तुंबतात आणि जे पुढं जातं ते नाल्यांतून पंचगंगेला मिळतं.

९. मिसळीचा कट किंवा रश्श्यावरची तर्री चालतंय का?

नाही. त्यात पाणी, मीठ आणि मसाला असतो, आणि पाण्यामुळं बायोडिझेलऐवजी साबण तयार होतो. फक्त तळणीचं तेल वेगळं ठेवा. मटणाची चरबी मात्र मोठ्या कारखान्यात चालते, पण तिचं इंधन लवकर थिजतं (प्रश्न १३ पाहा).

१०. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल म्हणजे शंभर टक्के निर्दोष, असं समजायचं का?

जवळजवळ, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. हे तेल आधी साबणवाल्यांकडं जात होतं का? जात असेल तर ते इंधनाला वळल्यावर साबणवाला नवं पाम घेईल आणि प्रश्न ५ मधलंच चक्र मागच्या दारानं सुरू होईल. आणि भाव चढले की ताजं तेल "वापरलेलं" म्हणून खपवायचा मोह होतो. युरोपात बाहेरून येणाऱ्या मालाबद्दल असा संशय वारंवार घेतला गेला आहे. दोन्हींवर उपाय म्हणजे कढईपासून कारखान्यापर्यंतची नोंद. प्रश्न ८ मधल्या पावतीचा आग्रह त्यासाठीच.

११. शहराची हवा खरंच सुधारते का? काळा धूर कमी होतो का?

काळा धूर नक्कीच कमी होतो. बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळं इंधन जास्त पूर्ण जळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००२ मध्ये अवजड वाहनांच्या इंजिनांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. बी-२० वर धुरातले सूक्ष्म कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के घटले. शुद्ध बायोडिझेलवर कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास निम्मे झाले. डिझेलचा धूर माणसात कर्करोग करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये जाहीर केलं आहे. त्यामुळं जुन्या गाड्यांमागून दुचाकीवर जाणाऱ्यांसाठी ही घट मोलाची आहे.

तोटा आहे नायट्रोजन ऑक्साइडचा. त्याच चाचण्यांत बी-२० वर तो सुमारे २ टक्के आणि शुद्ध बायोडिझेलवर १० टक्के वाढला. हा वायू फुप्फुसांना त्रास देतो आणि उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, ज्यानं पिकांचंही नुकसान होतं.

आता हे आकडे जुन्या इंजिनांचे आहेत, हे विसरू नका. बीएस-६ गाडीत धूर गाळणारा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा असते, तिथं फायदा आणि तोटा दोन्ही बारीक होतात. "बायोडिझेलमध्ये गंधक नसतं" हा जुना मुद्दाही आता फारसा उरला नाही, कारण १ एप्रिल २०२० पासून देशभरातल्या साध्या डिझेलमध्येही गंधक दशलक्षात १० भागांवर आलंय. म्हणजे हवेचा खरा फायदा जुने टेम्पो, ट्रॅक्टर आणि जनरेटर यांच्यात.

१२. माझ्या गाडीत चालतंय का? जुना ट्रॅक्टर आहे आणि नवी बीएस-६ पिकअपही आहे.

दोघांची उत्तरं वेगळी आहेत.

जुन्या इंजिनाला बायोडिझेल तसं मानवतं. त्यात वंगणाचा गुण चांगला असल्यानं पंप आणि नोझलची झीज कमी होते. उद्यमनगरात ज्यांनी जन्मभर ऑइल इंजिनं उघडलीत त्या मिस्त्रींना हे वेगळं सांगायला नको. पण जुन्या गाडीतले नैसर्गिक रबराचे पाइप आणि सील जास्त प्रमाणातल्या बायोडिझेलनं फुगतात, मऊ पडतात. ते आधी बदलून घ्या. शिवाय टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला गाळ बायोडिझेल सोडवून काढतं. त्यामुळं पहिल्या काही टाक्यांत फिल्टर तुंबला तर इंधनाला दोष देऊ नका, एक जादा फिल्टर सोबत ठेवा.

नव्या बीएस-६ गाडीत कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच मिश्रण वापरा. या गाड्या धुराचा फिल्टर साफ करण्यासाठी अधूनमधून सिलिंडरमध्ये थोडं जादा इंधन सोडतात. साधं डिझेल त्यात उडून जातं. बायोडिझेल त्यामानानं उशिरा उडतं, मग त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप चढलेली दिसली तर लगेच गॅरेज गाठा. नीट न धुतलेल्या बायोडिझेलमध्ये राहिलेलं सोडियम, पोटॅशियम किंवा फॉस्फरस महागड्या धूरशोधन यंत्रणेला कायमचं निकामी करू शकतं. अशी यंत्रणा बिघडली की गाडी साध्या डिझेलवरही जास्त धूर ओकते. म्हणजे पर्यावरणाचंही नुकसान आणि खिशाचंही.

१३. थंडीत गोठतं म्हणतात. आपल्याकडं एवढी थंडी कुठं असते?

पाम तेलाच्या बायोडिझेलमध्ये १५ अंशांच्या आसपासच मेणासारखे कण दिसू लागतात. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२ ते १४ अंशांवर येतो. आपल्या हॉटेलांतलं वापरलेलं तेल बऱ्याच अंशी पामोलिनच असतं, त्यामुळं शुद्ध बायोडिझेलवर पहाटे गाडी सुरू न होणं इथंही शक्य आहे. सोयाबीनचं बायोडिझेल शून्य अंशापर्यंत तग धरतं. बी-२० पर्यंतच्या मिश्रणाला कोल्हापुरात सहसा अडचण येत नाही, पण हिवाळ्यात उत्तरेकडं जाणाऱ्या ट्रकनं हा विचार करावाच.

मला थंडीपेक्षा आपला पावसाळा जास्त काळजीचा वाटतो. बायोडिझेल डिझेलपेक्षा कितीतरी जास्त ओलावा ओढून घेतं. टाकीत पाणी साठलं की त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात, चिकट थर फिल्टरवर बसतो, आणि हवेशी संयोग होऊन इंधन आंबट होत जातं. जून ते सप्टेंबर टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. साठवलेलं बायोडिझेल सहा महिन्यांच्या आत संपवा.

१४. ॲव्हरेज कमी होतं का?

थोडं. लिटरमागं ऊर्जा सुमारे ८ टक्के कमी असते. बी-२० वर फरक एक-दोन टक्क्यांचा, रोजच्या चालवण्यात तो कळतही नाही. बचतीचा हिशोब करताना मात्र लिटरवर करू नका, किलोमीटरवर करा.

१५. हायवेला डिझेलपेक्षा बरंच स्वस्त "बायोडिझेल" मिळतंय. घेऊ का?

घेऊ नका. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये बायोडिझेलच्या नावाखाली औद्योगिक तेलं आणि इतर पेट्रोलियम मिश्रणं विकणाऱ्यांवर अनेकदा कारवाया झाल्या आहेत. त्यात झाडाचं तेल थेंबभरही असेलच असं नाही. असं मिश्रण जळताना काय बाहेर टाकतं हे कुणी तपासलेलं नसतं, गंधक कितीही असू शकतं, आणि इंजिनाची वाट लागते ती वेगळीच. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बायोडिझेल विकायचं ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, आणि विक्रीला परवानगी लागते. शेडमध्ये टाकी आणि नोझल लावून बसलेल्याकडं ती परवानगी आणि आयएस १५६०७ चा चाचणी अहवाल मागा. दाखवत नसेल तर गाडी पुढं काढा.

१६. यूट्यूबवर बघून घरी करता येईल का? आमच्याकडं तेल भरपूर साठतं.

करू नका, ही अगदी कळकळीची विनंती आहे. मिथेनॉल रंगहीन असतं, चटकन पेट घेतं, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, आणि थोडं पोटात गेलं तरी दृष्टी किंवा जीव जातो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूत शंभरावर माणसं दगावली, ती याच मिथेनॉलनं. त्यात कॉस्टिक सोड्याचा आणि तापलेल्या तेलाचा धोका मिळवा.

पर्यावरणाच्या बाजूनंही घरगुती बायोडिझेल तोट्याचंच ठरतं. ते धुताना साबण आणि मिथेनॉल असलेलं सांडपाणी निघतं, तळाशी मिथेनॉल मिसळलेलं ग्लिसरीन उरतं. कारखाना मिथेनॉल परत मिळवतो, ग्लिसरीन शुद्ध करून विकतो, पाणी प्रक्रिया करून सोडतो. घरी हे सगळं मोरीत जाणार आणि तिथून नदीत. पंचगंगेवर आधीच काय कमी भार आहे?

१७. मग प्रक्रिया न करता गाळलेलं गोडं तेल थेट टाकीत ओतलं तर?

१९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं हे खरं. पण कच्चं तेल डिझेलपेक्षा दहापट किंवा त्याहूनही दाट असतं. आजच्या बारीक नोझलमधून त्याचा नीट फवारा होत नाही, अर्धवट जळून काजळी साठते, रिंगा चिकटतात आणि धूर उलट वाढतो.

१८. सांडलं तर जमिनीला किंवा नदीला धोका आहे का?

इथं बायोडिझेल सरस आहे. जिवाणू ते डिझेलपेक्षा कितीतरी लवकर खातात आणि त्याचा विषारीपणाही कमी असतो. ते १०० अंशांच्या पुढं तापल्याशिवाय पेट घेण्याजोगी वाफ सोडत नाही, तर आपल्या डिझेलच्या मानकात ही मर्यादा किमान ३५ अंशांची आहे. त्यामुळं टँकर उलटला तर आगीचा धोका कमी. पण पाण्यात गेलेलं बायोडिझेल कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो आणि वरचा तवंग हवा आत जाऊ देत नाही. उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागं थांबलेल्या नदीत तेवढ्यानंही मासे मरतील. आणि मिश्रण बी-२० असेल तर सांडलेल्यातलं ८० टक्के साधं डिझेलच असतं, ते विसरू नका.

१९. देशातलं सगळं वापरलेलं तेल गोळा केलं तर डिझेलची गरज भागेल का?

नाही भागणार. एफएसएसएआयच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे २२० कोटी लिटर वापरलेलं तेल गोळा होऊ शकतं. देशाला वर्षाला सुमारे ९ कोटी टन, म्हणजे दहा हजार कोटी लिटरच्या वर डिझेल लागतं. सगळं तेल मिळालं तरी ते दोन टक्क्यांच्या आसपास. २०३० च्या ५ टक्क्यांसाठीच साधारण ५०० कोटी लिटर बायोडिझेल लागेल. उरलेलं आणायचं कुठून, असा प्रश्न आला की पाम दारात उभं राहतं. म्हणून नुसत्या टक्केवारीच्या मागं धावण्यापेक्षा जेवढं चांगलं तेल मिळतं तेवढंच इंधन करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०. आता इलेक्ट्रिक गाड्या येतायत. मग बायोडिझेलचा खटाटोप कशाला?

शहरातली बस, रिक्षा, मालाची छोटी गाडी विजेवर जाऊ शकत असेल तर जावी. तिथं बायोडिझेलनं आड येऊ नये. पण आज रस्त्यावर असलेला ट्रॅक्टर आणि ट्रक अजून दहा-पंधरा वर्षं डिझेलच पिणार आहे, आणि कढईतलं तेल तर रोज निघणारच. त्या तेलाची चांगली सोय आणि या इंजिनांचा थोडा कमी धूर, एवढ्यापुरतं बायोडिझेल हवं.

२१. आमच्या मंडळाला गणेशोत्सवात जनरेटर लागतो. त्यात बी-२० टाकायचा विचार आहे. जमेल?

जमेल, आणि ही जागा योग्य आहे. जनरेटरचा धूर माणसांच्या उंचीवर, गर्दीतच सुटतो, त्यामुळं कण घटल्याचा फायदा थेट लोकांना होतो. भाड्याचा जनरेटर असेल तर मालकाची परवानगी घ्या आणि त्याला रबरी पाइपांबद्दल विचारा. नव्या जनरेटरलाही धूरशोधन यंत्रणा असते, त्याला प्रश्न १२ मधला बीएस-६ चा नियम लावा. इंधन तयार मिश्रण म्हणूनच घ्या, मंडपात कॅनमध्ये मिसळत बसू नका. पहिल्या दिवशी फिल्टर बघा. विसर्जनानंतर टाकीत उरलेलं इंधन पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, त्याच आठवड्यात एखाद्या ट्रॅक्टरला देऊन संपवा. आणि ज्या वडेवाल्याकडून कार्यकर्त्यांचा नाश्ता येतो त्याला प्रश्न ८ वाचायला द्या.